कडेची जोडी

आमच्या घरमालकीणबाई बोलताना माझ्या कानाकडे बघायच्या. पहिल्या दिवशी दोन बॅगा, एक कुकर आणि विमानात सुजलेले पाय घेऊन मी त्यांच्या दारात उभी, आणि ह्या माझ्या डाव्या कानाला सांगतायत, "ये, आत ये, पायऱ्या जरा जपून चढ." राग नाकाच्या शेंड्यावर घेऊनच मी जन्माला आलेय. म्हटलं, वा गं वा! खोली भाड्यानं देताय, उपकार नाही करत, जरा तोंडाकडे बघून बोला की! हे अर्थात मनात. तोंडानं "थँक यू" म्हणाले आणि धाडधाड वर गेले.

वरच्या मजल्यावर आधीपासून एक नागपूरची मुलगी राहत होती. पुढे चार वर्षं तीच माझी रूममेट. तिनं माझं फणफणणं ऐकून घेतलं, पोह्यांची बशी पुढे सरकवली आणि म्हणाली, "काहून चिडते बाप्पा? त्यांना मधलं दिसत नाही. डोळ्यात बरोब्बर मधोमध डाग आहे. कडेचं तेवढं दिसते. तुझं तोंड दिसावं म्हणून बिचाऱ्या तुझ्या कानाकडे बघतात नं."

हे घर पेनसिल्व्हेनियात, स्टेट कॉलेज नावाच्या गावात. गाव म्हणजे युनिव्हर्सिटी आणि युनिव्हर्सिटी म्हणजे गाव. एकच इंडियन दुकान, त्यात कढीपत्ता हिरवा मिळाला तर तो सणाचा दिवस. मी तिथे गेले दोन हजार एकमध्ये; सांगायचंय ते घडलं दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात. घरमालकीणबाई ऐंशीच्या पुढच्या. मला पहिल्या नावानं हाक मारा म्हणायच्या. आमच्या जिभेला ते कसं जमणार? ऐंशीच्या बाईला नावानं हाक मारली असती तर सांगलीत बसलेल्या माझ्या आईनं तिथून कान उपटला असता. मग आम्ही त्यांना "आजी" म्हणू लागलो. अर्थ सांगितल्यावर खूश झाल्या. म्हणाल्या, "सिनेमावाल्यांनी इतकी वर्षं मला साधं नावसुद्धा दिलं नाही, तुम्ही तर पदवी दिलीत!"

हो, आजी सिनेमात होत्या. मी उडालेच. "कुठल्या सिनेमात?" विचारलं तर म्हणाल्या, "जवळजवळ सगळ्या."

त्या मागच्या बाई होत्या. नायक नायिकेला हॉटेलात घेऊन जातो तेव्हा मागच्या टेबलावर कुणीतरी जेवत असतं ना, त्या ह्या. जहाजावरून रुमाल हलवणारी, चर्चमध्ये तिसऱ्या बाकावर गुडघे टेकणारी, राजाचा वाडा पेटवायला मशाल घेऊन धावणारी, आणि दुसऱ्या दिवशी त्याच राजाच्या दरबारात पंख्यानं वारा घेणारी. रोज संध्याकाळी त्या कामासाठी फोन करायच्या. पलीकडची बाई नुसतं "काम नाही" म्हणायची, नाहीतर म्हणायची, "उद्या सकाळी, संध्याकाळचा पोशाख." सिनेमाचं नाव कोण सांगतंय! कपडे आपले आपण न्यायचे. आजींकडे एक फिकट रंगाचा झगा होता, त्यांच्या आईनं शिवलेला, पाठीवर मोठा बो असलेला. त्या झग्यावर त्यांनी अर्धं हॉलिवूड जेवताना आणि नाचताना बघितलं.

"पण कधी चेहरा दिसला की नाही?" मी विचारलं.

"देव करो आणि न दिसो!" आजी म्हणाल्या. "चेहरा दिसला की लोकांच्या लक्षात राहतो. लक्षात राहिला की त्या सिनेमातलं पुढचं काम गेलं. चर्चमध्ये दिसलेली बाई रेसकोर्सवर कशी चालेल? मी चांगली होते गं. मला कुणी कधीच बघितलं नाही."

हे त्यांनी अशा तोऱ्यात सांगितलं, की आमच्या गल्लीतल्या काकू मुलाची मेरिट लिस्ट सांगायच्या ना, त्याची आठवण झाली.

त्या मे महिन्यात माझी आई आली. मी ऑगस्टमध्ये थीसिस डिफेंड करणार होते आणि "पोरगी उपाशी राहून डॉक्टर होईल" ह्या काळजीनं आई सहा महिन्यांचा व्हिसा काढून एकटीच आली. आल्याच्या चौथ्या दिवशी तिनं आजींच्या मागच्या अंगणात साडी अंथरून सांडगे घातले. मी हादरले. म्हटलं, आता आपल्याला बाहेर काढणार! खाली जाऊन बघते तर आजी खुर्ची टाकून, हातात काठी घेऊन, खारी हाकलत बसलेल्या.

आईला इंग्रजी "येस", "नो" आणि "व्हेरी नाइस" एवढंच यायचं. मी दिवसभर लॅबमध्ये. मला वाटलं, ही माऊली कंटाळून परत जायचं म्हणणार. कसलं काय! महिन्याभरात दोघींचं असं गूळपीठ जमलं की मला मत्सर वाटावा. एकदा दुपारी घरी आले तर खालच्या किचनमध्ये दोघी चहा पीत गप्पा मारतायत. ओठ हलतायत, हातवारे चाललेत, आई डोळे मोठे करतेय, आजी मान डोलावतायत, आणि आवाज म्हणून नाही. म्हटलं, माझेच कान गेले की काय!

आई खदखदून हसली. "अगं, हे त्यांचं कामातलं बोलणं. पुढे हिरो बोलत असताना मागच्यांनी असं बोलायचं. आवाज काढायचा नाही, पण बोलायचं खरंखुरं. हातवारे करकरून शिकवलं त्यांनी मला. कित्ती बरं वाटतं म्हणून सांगू! मी तुझ्याबद्दल जे काय मनात होतं ते सगळं बोलून घेतलं."

"काय बोललीस?"

"ते तुला ऐकू आलं नाही ना? मग झालं तर."

जूनमध्ये आजींच्या मुलाचा ॲरिझोनाहून फोन आला. आपल्या आईनं एकटीनं राहू नये, उन्हाळा संपला की माझ्याकडे यावं, घर विकावं, असं त्याचं म्हणणं. आजी हो म्हणाल्या. ह्यात रडण्यासारखं काही नाही, मुलगा चांगला आहे, सून त्याहून चांगली आहे, असं आम्हालाच समजावत त्यांनी खोकी भरायला काढली.

त्याच आठवड्यात आईनं त्यांना पर्समधला फोटो दाखवला. आई-बाबांच्या लग्नाचा, काळा-पांढरा, बोटभर आकाराचा. बाबा इतके बारीक की मुंडावळ्यांच्या वजनानं वाकतील. आजींनी तो डोळ्याच्या कडेशी धरला आणि बराच वेळ तिरपं बघत राहिल्या.

"माझ्याकडे असा नाही," त्या म्हणाल्या. मी आईसाठी मराठीत सांगत गेले. तरुणपणीचे फोटो तळघरात पाणी शिरलं तेव्हा गेले, सगळेच्या सगळे. नवरा गेल्यालाही बरीच वर्षं झाली होती. "गंमत बघ, डोळे मिटले की मला त्याचा हॉस्पिटलमधला चेहरा दिसतो. नाकात नळ्या, गाल आत गेलेले. मी तरुण चेहरा शोधते, येतच नाही. पन्नास वर्षांचा संसार आणि माझ्यापाशी उरलाय तो शेवटच्या पंधरवड्यातला माणूस. मला तो आधीचा बघायचाय गं. जाण्याआधी एकदा."

आईनं पदर डोळ्यांना लावला. मीही इकडेतिकडे बघितलं.

"एका ठिकाणी आहे तो," आजी पुढे म्हणाल्या. "आम्ही सिनेमातच भेटलो. तोही मागचाच माणूस. राजवाड्यातला नाच होता, आम्हाला जोडीला उभं केलं. पण कुठला सिनेमा, देव जाणे."

झालं! माझी रूममेट तिथेच बसली होती. तिचा थीसिस फोटोतला चेहरा कॉम्प्युटरला कसा ओळखता यावा, ह्यावर. ती उठून उभीच राहिली. "आजी, टेन्शन नाही घ्यायचं. आम्ही शोधून काढतो." दुसऱ्या दिवशी युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीतून ती पिशवी भरून व्हिडिओ टेप घेऊन आली. त्या काळातले, ज्यात नाच आहे असे सगळे सिनेमे. दर रविवारी दुपारी, जेवण झाल्यावर, आजींच्या हॉलमध्ये पडदे ओढून बसायचं ठरलं.

पहिल्या रविवारी आम्ही काय केलं असेल? सिनेमा बघितला! नायिका गरीब, नायक दुसऱ्याच्या प्रेमात, मधे युद्ध. मी आणि रूममेट शेवटी हुंदके देऊन रडलो. टिशूचा खोका संपला. आजींनी विचारलं, "नाचात डावीकडे कोण होतं?" आम्ही एकमेकींकडे बघितलं. नाच? हो, होता खरा. पण त्यात नायिकेचा हात सुटतो ना! आमचे डोळे त्या हातावर. आता बोला! दोघी पीएचडीच्या दारात, आणि सांगितलं काय, केलं काय.

आजींना मात्र मजा आली होती. त्यांना नायक-नायिका दिसलेच नव्हते. मधे नुसता धुरकट डाग. पण कडेला कोण कसं चालतंय ते बघून त्या गालात हसत होत्या. "ती टोपीवाली बघ, तिचा कुत्रा तिच्यापेक्षा जास्त सिनेमांत होता. आणि तो म्हातारा वेटर, तो सेटवरच्या चिकनला खरंच चावला होता. आम्ही खाऊ नये म्हणून त्यावर रॉकेल मारलेलं असायचं."

आई मात्र चिडली. "डोंबल तुमचं शिक्षण! अगं, लग्नाची कॅसेट कधी बघितली नाहीत का?"

आणि मला एकदम सगळं आठवलं. आमच्याकडे लग्नाची कॅसेट लागली की नवरानवरीकडे कुत्रंसुद्धा बघायचं नाही. भटजी मंत्र म्हणतायत, मंगळसूत्र घालणं चाललंय, आणि हॉलभर बसलेले नातेवाईक काय शोधतायत? स्वतःला! "थांब थांब, मागे घे! ती बघ, खांबाआड माझी पाठ!" "पंगतीत तो हात दिसला ना, जिलबी घेणारा, तो आपल्या भाऊजींचा." आमच्या मावशीनं एकदा नुसत्या अंबाड्यावरून चुलत नणंद ओळखली होती. ती नणंद "मी लग्नाला आलेच नव्हते" म्हणून सांगत होती.

त्या दिवसापासून सिनेमे लग्नाच्या कॅसेटसारखे बघायचे ठरलं. रूममेटनं टीव्हीचे तीन भाग केले. डावीकडचं तिनं बघायचं, उजवीकडचं मी, मागच्या जिन्यावरचं आईनं. मधे बघेल तिला चहा नाही. आईला ह्यात काहीच अवघड गेलं नाही, कारण तिला गोष्ट कळतच नव्हती. मी मात्र चोरून मधे बघायची आणि पकडली जायची. "व्हेरी नाइस!" आई खोचकपणे म्हणायची आणि माझा चहाचा कप आपल्याकडे ओढायची.

बो असलेला झगा आम्हाला सापडला. एकदा नाही, किती तरी सिनेमांत! प्रत्येक वेळी आरडाओरडा, टेप मागे, आजी टीव्हीपाशी, आणि प्रत्येक वेळी दुसराच माणूस. एक टकलू, एक मिशीवाला, एक इतका बुटका की त्याचा चेहरा त्या बोमागेच गेलेला. तरुण आजींची पाठ आम्हाला पाठ झाली, पण आजोबा काही सापडेनात. कॉम्प्युटरनं चेहरा शोधायचा म्हटलं तर त्याला आधी एखादा चेहरा दाखवावा लागतो, आणि तोच तर नव्हता. माझी रूममेट म्हणाली, "बाप्पा, माझा अख्खा थीसिस फेल आहे."

जुलैत एका दुपारी मी खाली गेले तर किचनमध्ये दोघी नाचत होत्या. आई साडी खोचून, पायात मोजे. आजीही मोज्यांत. गाणं नाही, रेडिओ नाही. आजींचा डावा हात आईच्या खांद्यावर, आणि आई पाय सांभाळत, जीभ बाहेर काढून, गोल फिरतेय. सांगलीच्या शाळेत पस्तीस वर्षं गणित शिकवलेली बाई! मी दारातच हसून हसून खाली बसले.

"हसू नकोस," आई धापा टाकत म्हणाली. "मी आजोबा झालेय."

आजींनी सांगितलं, की नाच सुरू होताना थोडं संगीत लावायचे आणि मग बंद करायचे, कारण पुढे नायक-नायिकेचं बोलणं रेकॉर्ड करायचं असे. मग शंभरएक माणसांनी शांततेत, आवाज होऊ नये म्हणून बुटांना खालून जाड लोकरी कापड लावून, मनातल्या तालावर नाचायचं. "आणि त्याला नाच येत नव्हता. 'येतो का?' विचारलं की सगळे 'येतो' म्हणायचे. घोड्यावर बसता येतं? येतं. पोहता येतं? येतं. काम हवं ना! तो तर शेतावरून आलेला. कोटही मागून आणलेला, दुसऱ्याचा. माझ्या हातांना पांढरा मेकअप होता, तो कोटाला लागला असता तर त्याचं काही खरं नव्हतं. म्हणून मी हात असा ठेवला."

आणि त्यांनी आईच्या खांद्यावर दोनच बोटं टेकली. बाकीची तीन वर, चिमणीच्या शेपटासारखी उचललेली.

ऑगस्ट उजाडला. माझा डिफेन्स झाला, मी डॉक्टर झाले, आईनं अख्ख्या गल्लीला शिरा वाटला. आजींच्या हॉलमध्ये आता खोकीच खोकी. टीव्ही आणि दोन खुर्च्या तेवढ्या उरल्या होत्या, खिडकीचे पडदेसुद्धा खोक्यात गेले होते. मुलगा त्या आठवड्यात न्यायला येणार होता. शेवटच्या रविवारी आम्ही जमिनीवरच बसलो. पिशवीत एकच टेप राहिली होती. सिनेमा अगदी सुमार. आजींनासुद्धा कडेला ओळखीचं कुणी दिसेना. मी तर आशा सोडली होती, पण तोंडातून काढायची हिंमत नव्हती. कुणालाच नव्हती. आजी स्वतःच म्हणाल्या, "जाऊ दे गं पोरींनो. ह्या उन्हाळ्यात मी इतकी हसलेय. एवढं पुरे."

आईला शब्द कळले नाहीत, सूर कळला. तिनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि नजर मात्र जिन्यावरच ठेवली.

नाच सुरू झाला. झुंबरं, जिना, फिरणाऱ्या जोड्या. नायक नायिकेला काहीतरी सांगतोय.

"थांब!" आई किंचाळली. "मागे घे! मागे घे गं!"

"आई, बो तर दिसतसुद्धा नाहीये."

"बो गेला खड्ड्यात! बोटं बघ बोटं!"

रूममेटनं टेप मागे घेतली. जिन्याच्या शेवटच्या पायरीशी एक जोडी वळत वळत आली. बाईची पाठ आपल्याकडे, बो एका फुलदाणीआड लपलेला. आणि तिचा हात त्याच्या खांद्यावर. दोन बोटं टेकलेली, तीन वर.

हात त्या बाईचा, आणि खांद्याच्या वर चेहरा. लांब कानांचा, रुंद कपाळाचा, पंचविशीतला पोरगा. पडद्याच्या अगदी कडेला, पण लख्ख.

आम्ही तिघी एकदम ओरडलो. मी काय ओरडले मला आठवत नाही, मराठीत ओरडले एवढं नक्की. आजींना हाताला धरून टीव्हीपाशी नेलं, खुर्ची काचेला टेकेल इतकी पुढे सरकवली. रूममेटनं टेप पुन्हा लावली.

आणि आजींनी तोंड फिरवलं. टीव्हीकडे पाठच जवळजवळ, खिडकीबाहेर आईचे सांडगे वाळत होते त्यांच्याकडे. रूममेट घाबरली. "आजी, इकडे! इकडे आहेत ते!"

"थांब गं," मी म्हटलं. मला पहिला दिवस आठवला, माझा डावा कान आठवला. "बघतायत त्या."

त्या सांडग्यांकडे टक लावून नवऱ्याकडे बघत होत्या. मान हळूहळू, केसभर, इकडे, मग तिकडे. जोडी वळली, गेली. "परत," आजी म्हणाल्या. परत लावलं. जोडी आली, वळली. त्याचे ओठ हलत होते. नजर तिच्यावर खिळलेली आणि ओठ भराभर हलतायत.

"हाऊ स्वीट यार," माझी रूममेट नाक ओढत म्हणाली. "बघ नं, काहीतरी बोलतायत त्यांच्याशी. आजी, काय म्हणत होते ते?"

आजींचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत, आणि मी जवळ गेले. त्या हसत होत्या. सांडग्यांकडे बघत, दोन्ही गालांवरून पाणी वाहत, त्या पोटभर हसत होत्या.

"मोजतोय!" त्या म्हणाल्या. "वन, टू, थ्री! संगीत बंद केलं की हा घाबरून मोजायचा! हाच. हाच तो. हे कपाळ! अगं, हे कपाळ मी विसरलेच होते!"

मी आईला सांगितलं. आईनं कपाळावर हात मारला. "अरे देवा! गणिताचाच निघाला की!"

"परत," आजी म्हणाल्या.

रूममेटनं परत लावलं. मग परत. फोटो काढून देऊ का, लॅबमध्ये मोठा करून देऊ का, असं तिनं विचारलं तेव्हा आजी म्हणाल्या, फोटो दे, पण टेपही कुठूनतरी मिळवून दे. फोटोत तो मोजणार नाही.

मग आजी उठल्या, चपला काढल्या आणि आईपुढे हात धरला. आईनं साडी खोचली. खोक्यांमधल्या तेवढ्याशा जागेत दोघी वळायला लागल्या. आजींची दोन बोटं आईच्या खांद्यावर, तोंड खिडकीकडे, आणि डोळ्याच्या कडेला तो. टीव्हीचा आवाज मी बंद केला. तो तिकडे मोजत होता, आणि आई इकडे, आवाज न काढता, ओठ हलवून, मराठीत मोजत होती.